उमेदवार, निविदा आणि सोर्स कोड



निवडणूक आली की उमेदवाराला काय विचारायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पाणी किती दिवसांआड येतं, रस्ता कधी होणार, कांद्याच्या भावाचं काय, शाळेवर शिक्षक का नाही. हे विचारलंच पाहिजे. या प्रश्नांच्या शेजारी आणखी एक प्रश्न मला बसवायचा आहे. सरकार आपल्या पैशाने जी संगणकप्रणाली घेतं ती कुणाच्या मालकीची असते, आणि तिच्यात ठेवलेली आपली माहिती कुणाच्या मर्जीने बाहेर निघते?

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘सरकार आणि ओपन सोर्स’ असं छापलं आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टवेअर म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना. त्या ज्या मूळ रूपात लिहिल्या जातात त्याला सोर्स कोड म्हणतात. हा कोड कुणालाही वाचता यावा, वापरता यावा, बदलता यावा आणि दुसऱ्याला देता यावा अशा अटींवर जे सॉफ्टवेअर दिलं जातं ते ओपन सोर्स. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्यातली ओळखीची नावं. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. याहून जास्त तंत्रात मी शिरणार नाही. मतदानयंत्रांच्या वादातही शिरणार नाही, नाहीतर संध्याकाळ त्यातच जाईल. मला बोलायचंय ते निवडणुकीने सॉफ्टवेअर कसं बदलतं याबद्दल, आणि त्यासाठी आधी तुम्हाला जर्मनीतल्या म्युनिक शहरात यावं लागेल.

२००३ साली म्युनिक महापालिकेपुढे एक अडचण आली. पालिकेचे सुमारे चौदा हजार संगणक विंडोज एनटी ४ वर चालत होते आणि मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीची देखभाल थांबवणार होती. संगणक चालू होते, कामं होत होती, तरी सगळं नव्याने विकत घ्यायची वेळ आली होती. महापौर ख्रिस्तियान उडे यांच्या पालिकेने लिनक्सचा पर्याय तपासायला घेतला. ही बातमी लागताच मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधली आपली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले. कंपनीने किंमतही उतरवली. एका पालिकेच्या गिऱ्हाइकीसाठी जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा प्रमुख डोंगरावरून खाली उतरतो, तेव्हा ही नुसती कार्यालयीन खरेदी नसते हे शहाण्याला समजतं. मे २००३ मध्ये नगरसभेने तरीही लिनक्सच्या बाजूने ठराव केला.

पुढची दहा वर्षं सोपी गेली नाहीत. प्रत्येक खात्याचा संगणक विभाग वेगळा, प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या, आणि पत्रांचे, दाखल्यांचे, नोटिसांचे असंख्य नमुने वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, घालून बनवलेले. ते सगळे नव्याने बांधायला पालिकेच्या लोकांनी ‘वोलमुक्स’ नावाचं स्वतःचं साधन लिहिलं आणि तेही जगाला खुलं केलं. २०१३ च्या अखेरीस जवळपास पंधरा हजार संगणक ‘लिमक्स’वर, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या लिनक्सवर आले. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचा पालिकेचा हिशेब होता.

आणि मग निवडणूक झाली. २०१४ मध्ये उडे निवृत्त झाले आणि त्यांच्याच पक्षाचे डीटर रायटर महापौर झाले. आधी ते शहराच्या कामगार आणि अर्थव्यवस्था विभागाचे प्रमुख होते. मायक्रोसॉफ्टने जर्मनीतलं आपलं मुख्यालय शेजारच्या गावातून म्युनिक शहरात हलवायचं ठरवलं ते याच काळात. नवे महापौर आल्याबरोबर कुरबुरी सुरू झाल्या: फोनवर मेल नीट येत नाही, दिनदर्शिका जुळत नाही, बाहेरून आलेली फाइल वाकडी दिसते. पालिकेने एका सल्लागार कंपनीकडून तपासणी करून घेतली. अडचणींचं मुख्य मूळ लिनक्समध्ये नसून संगणक विभागांच्या रचनेत आहे, असा त्या अहवालाचा रोख होता. तरी २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परत जायचं ठरवलं आणि जवळपास पाच कोटी युरोंचा खर्च मंजूर केला. गंमत पुढे आहे. २०२० च्या निवडणुकीत ग्रीन पक्ष नगरसभेत सर्वांत मोठा ठरला, आणि त्यांनी रायटर यांच्याच पक्षाशी केलेल्या आघाडीच्या करारात लिहून घेतलं, की तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य तिथे खुली मानकं, म्हणजे कुठल्याही कंपनीला पाळता येतील अशी जाहीर मानकं, आणि ओपन सोर्सच वापरायचं. महापौर तेव्हाही तेच रायटर.

म्युनिकची ही गोष्ट लिनक्सचे भक्त एका बाजूने सांगतात आणि विरोधक दुसऱ्या. मला त्यात तिसरंच दिसतं. सतरा वर्षांत एका शहराचं धोरण दोनदा पूर्ण फिरलं आणि प्रत्येक वळणाच्या आधी एक मतदान होतं. म्हणजे हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीत सुटत नाही, तो मतपेटीतून सुटतो. मग मतदाराने तो विचारायला नको का?

आता जरा घराजवळ येऊ. केरळमध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा शाळांचा प्रकल्प २००१ साली सुरू झाला. अभ्यासक्रमात एकाच कंपनीची उत्पादनं शिकवायची का, यावर तिथल्या शिक्षक संघटनेने आवाज उठवला. आपल्याकडे शिक्षक संघटना म्हटलं की वेतनश्रेणी आणि बदल्या आठवतात. तिथे त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या सॉफ्टवेअरवर भांडण काढलं. २००६ मध्ये डाव्या आघाडीचं सरकार आलं आणि शाळा लिनक्सवर नेण्याचा निर्णय पक्का झाला. २०११ मध्ये सरकार बदललं, काँग्रेसप्रणीत आघाडी आली. निर्णय फिरला नाही. २०१६ मध्ये पुन्हा सरकार बदललं, तेव्हाही नाही. आजही केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात.

म्युनिकमध्ये जे टिकलं नाही ते केरळमध्ये का टिकलं? म्युनिकमध्ये लिनक्स कर्मचाऱ्यांच्या टेबलावर वरून आलं. केरळमध्ये ते शिक्षकांच्या हातात होतं. हजारो शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, त्यांतल्याच काहींनी इतरांना शिकवलं, काहींनी मल्याळम टंकलेखनाच्या सोयी सुधारल्या. मंत्री बदलला म्हणून इतक्या माणसांना आलेली गोष्ट विसरायला लावता येत नाही. तमिळनाडूत २००७ च्या सुमारास एका धडाडीच्या सनदी अधिकाऱ्याने सरकारी महामंडळाचा कारभार लिनक्सवर नेला. त्यांची बदली झाली आणि पाठीमागचा जोरच गेला. हा फरक उमेदवाराला प्रश्न विचारताना लक्षात ठेवायचा आहे. ‘तुम्ही ओपन सोर्स आणाल का’ हा कच्चा प्रश्न. ‘तुम्ही लोकांना काय शिकवाल’ हा पक्का.

इथे आपल्या राज्याबद्दल बोलायलाच हवं. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम चालतो. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडासमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानावर त्याची पाटी असते. लाखो मुलामुलींनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो तिथे. ते श्रेय कुणी नाकारू नये. सरकारी नोकरीसाठी तो किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं. पण त्यात प्रामुख्याने शिकवलं जातं ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. तक्ता कसा बांधायचा यापेक्षा एका कंपनीच्या तक्त्यात कोणतं बटण कुठे आहे हे पाठ होतं. हा उमेदवार उद्या लिपिक म्हणून रुजू झाला की कार्यालयात काय मागणार? जे शिकला तेच. मग खरेदीच्या फाइलवर टिप्पणी पडते, की ‘कर्मचाऱ्यांना इतर प्रणालीचे ज्ञान नाही’. ज्ञान का नाही, हे विचारायला त्या टिप्पणीत जागा नसते.

म्हणजे आपल्याकडे दुसरं काही चालतच नाही असं नव्हे. आपल्या जिल्हा न्यायालयांत जा. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायालयांच्या संगणकांवर उबुंटू लिनक्स बसवलं गेलं, आणि तुमच्या दाव्याची पुढची तारीख ज्या प्रणालीत नोंदवली जाते ती केस इन्फर्मेशन सिस्टीम ओपन सोर्स तंत्रावर पुण्यातल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली. देशभरची जिल्हा न्यायालयं ती वापरतात. न्यायाधीश, बेलीफ, शिरस्तेदार सगळे गेली कित्येक वर्षं लिनक्सवर काम करताहेत. तारखा पडताहेत त्या पडताहेतच, पण त्याचा दोष लिनक्सला नाही.

आता जवळून पाहिलेलं एक सांगतो. एका नगरपालिकेत जुने ठराव पाहायला बसलो होतो. विकास आराखड्यातल्या एका आरक्षणाचा ठराव हवा होता, साधारण वीस वर्षांपूर्वीचा. लिपिक बाईंनी शोधून फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, मध्येच डॉलरचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह, डोक्यावर टोप्या घातलेली ए आणि ओ. पान खाली सरकवलं तरी तेच. बाई शांतपणे म्हणाल्या, “जुन्या फाँटातलं आहे सर. तो फाँट साहेबांच्या मशीनवर होता. ती मशीन निर्लेखित झाली.” त्या सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीमागे लावायचं एक डोंगल लागायचं. ते कुठे आहे, असं विचारल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातल्या बिस्किटांच्या डब्यातून तीन डोंगलं काढून दाखवली. कुठलं कशाचं, हे सांगणारं कुणी उरलेलं नव्हतं, आणि ती ज्या पोर्टाला लागायची तसं पोर्ट आताच्या संगणकांना नसतंच.

झालं होतं ते असं. जुन्या फाँटांत ‘क’ किंवा वेलांटी यांना स्वतःची जागा नव्हती. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असायची, आणि कोणतं चित्र कुठे हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. फाँट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. आपली कार्यालयं तिकडे वळेपर्यंत पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. आज हा प्रश्न बराच सुटला आहे. युनिकोडसाठी लोहितसारखे खुल्या परवान्याचे देवनागरी फाँट कुणालाही फुकट मिळतात. पण मधल्या काळात ठराव, इतिवृत्तं, मालमत्तांच्या नोंदी अशा किती कागदांना हा लकवा झाला असेल, त्याची गणती कोण करणार? त्या ठरावात ज्याची जमीन होती, त्याच्यासाठी हा ‘तांत्रिक’ प्रश्न नव्हता.

पेरू देशात २००२ साली एका लोकप्रतिनिधीने नेमकं हेच लिहून ठेवलं. एडगर विल्यानुएवा त्यांचं नाव. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ढोबळमानाने ओपन सोर्सच, वापरावं असं विधेयक तिथल्या संसदेसमोर होतं. मायक्रोसॉफ्टच्या पेरूमधल्या व्यवस्थापकांनी पत्र लिहून त्याला आक्षेप घेतले: हा भेदभाव आहे, सुरक्षेचं काय, स्थलांतराचा खर्च काय. ८ एप्रिल २००२ रोजी विल्यानुएवा यांनी त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं, की विधेयकाचा मूळ हेतू पैसे वाचवण्याचा नाहीच. नागरिकाला सरकारी माहिती विनाअडथळा मिळावी, ती माहिती कायम टिकावी आणि राज्याची व नागरिकांची सुरक्षा राहावी, या तीन गोष्टींसाठी ते आहे. कुठल्या कंपनीला बंदी नाही; सरकार फक्त आपल्या अटी सांगतं, ज्याला त्या पाळायच्या त्याने यावं. इतकं नेमकं उत्तर देणारा लोकप्रतिनिधी एखाद्या मोठ्या देशात झाला नाही, पेरूत झाला. मुळातलं विधेयक मात्र तसं टिकलं नाही. २००५ मध्ये झालेल्या कायद्याने सरकारी खरेदीपूर्वी तटस्थ तांत्रिक मूल्यांकन सक्तीचं केलं, त्यापुढे तो गेला नाही.

आमच्याकडे पैशाचीच चर्चा होते. ‘फुकट आहे म्हणून घ्या’ हा मला सर्वांत दुबळा युक्तिवाद वाटतो. फुकट नसतंच. माणसं लागतात, प्रशिक्षण लागतं, देखभालीचे करार करावे लागतात. खरा मुद्दा आहे तो ठेकेदार बदलता येतो की नाही हा. गावच्या नळपाणी योजनेचं काम एका ठेकेदाराने केलं आणि जमिनीखालून पाइप कुठून कुठे गेलेत त्याचा नकाशा स्वतःच्या घरी नेला, तर पुढची पन्नास वर्षं गळती काढायला त्यालाच बोलवावं लागेल, आणि तो सांगेल तो दर द्यावा लागेल. सरकारी सॉफ्टवेअरमध्ये हे रोज होतं. घरपट्टीची प्रणाली एका कंपनीने बसवली. करार संपतो. नव्या निविदेत दुसरं कुणी येऊ शकत नाही, कारण आत काय आहे ते त्या एकाच कंपनीला ठाऊक. मग स्थायी समितीपुढे विषय येतो: ‘विद्यमान संस्थेस मुदतवाढ देणेबाबत’. एक वर्ष, पुन्हा एक वर्ष. मागच्या दाराने काही झालं असेलच असं नाही. अनेकदा अधिकारी प्रामाणिकच असतो आणि त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. तो मार्ग पहिल्या करारातच बुजवलेला असतो.

धोरण नाही म्हणावं तर तेही आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात ओपन सोर्स आणि खुल्या मानकांचा उल्लेख होता; माकपही मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करत आलेला आहे. म्हणजे हा डाव्या-उजव्याचा प्रश्न नाही. जर्मनीतही २०२४ मध्ये तीस हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचा निर्णय घेतला तो श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने, आणि तिथलं सरकार परंपरावादी पक्षाच्या नेतृत्वाखालचं. आपल्याकडे निवडणुकीनंतर २०१५ मध्ये केंद्राने ओपन सोर्स स्वीकाराचं धोरण जाहीर केलं. खुल्या मानकांचं धोरण त्याआधी, २०१० मध्येच आलं होतं. २०१५ चं धोरण म्हणतं, की ई-प्रशासनाच्या सर्व प्रणालींत बंद सॉफ्टवेअरच्या तुलनेत ओपन सोर्सला पसंती द्यावी, निविदेत तशी अट घालावी, आणि पुरवठादाराने ओपन सोर्स वगळलं असेल तर त्याचं समर्थन लेखी द्यावं. राज्य सरकारांनी ते स्वीकारावं की नाही, हे त्यांच्यावर सोडलं आहे. त्याच वर्षी सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचंही एक धोरण आलं.

तेव्हा जाहीरनाम्यातून धोरणापर्यंत गोष्ट पोचली. धोरणातून निविदेपर्यंत पोचली का, हे पाहायला एकच कागद लागतो: ते ‘लेखी समर्थन’. तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्रीय कार्यालयाने गेल्या पाच वर्षांत सॉफ्टवेअरच्या जेवढ्या निविदा काढल्या, त्यांतल्या किती पुरवठादारांनी ते जोडलं? माहितीच्या अधिकारात विचारा. विचारणाऱ्याला दहा रुपयांत शिक्षण मिळतं.

कोड खुला केल्याने काय होतं, ते करोनाकाळात थोडं दिसलं. आरोग्य सेतू ॲप २ एप्रिल २०२० ला आलं. ते माणसांच्या जागा टिपतं, माहिती कुठे जाते कळत नाही, अशी टीका झाली. २६ मे रोजी सरकारने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला. टीका थांबली नाही, पण निदान ती आता कोड वाचून करता येत होती. पुढे ऑक्टोबरमध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे हेच ॲप नेमकं कुणी बनवलं, याचं सरळ उत्तर सरकारी खात्यांना देता येईना, हा भाग निराळा!

आता उमेदवारांना विचारण्याची रीत. फ्रान्समध्ये ‘एप्रिल’ नावाची संस्था १९९६ पासून मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करते. २००७ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिच्या पुढाकाराने सर्व उमेदवारांना एक लेखी प्रश्नावली गेली. सार्कोझी, सेगोलेन रॉयाल, बायरू अशा आघाडीच्या उमेदवारांनी उत्तरं दिली आणि ती जशीच्या तशी प्रसिद्ध झाली. पुढे त्याच संस्थेने ‘मुक्त सॉफ्टवेअर करार’ म्हणून एक पानाचा मजकूर तयार केला आणि खासदारकीपासून नगरपालिकेपर्यंतच्या उमेदवारांना त्यावर सह्या करायला सांगितलं. जर्मनीत तर निवडणुकीआधी संस्थांनी पक्षांना प्रश्न पाठवण्याची प्रथाच आहे, आणि युरोपातली मुक्त सॉफ्टवेअर संस्था राज्यांच्या निवडणुकांतही ते करते.

यात मिळालं काय? फ्रान्समध्ये २०१२ साली पंतप्रधानांच्या कार्यालयातून सरकारी खात्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरच्या वापराचं परिपत्रक निघालं. २०१६ च्या डिजिटल प्रजासत्ताक कायद्याने सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड हा नागरिकाने मागितल्यास देण्याचा कागद ठरवला. आयकराचं गणित करणाऱ्या सरकारी प्रणालीचा कोडही त्याच वर्षी खुला झाला. कर कसा मोजला जातो हे नागरिकाला तपासता येऊ लागलं. आणि याच काळात फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाचा मायक्रोसॉफ्टशी मोठा करारही चालू होता. सह्या करणाऱ्यांच्या राज्यात तेही झालं.

म्हणून माझं मत असं, की सहीवर समाधान मानू नये. सही करायला उमेदवाराला काही पडत नाही. तुम्ही हो म्हणता का, असं विचारलं तर तो हो म्हणतो. आपल्या उमेदवारांनी आजवर कशाला नाही म्हटलंय? ज्याचं उत्तर नंतर कागदावर तपासता येतं असाच प्रश्न विचारावा. नगरसेवकाच्या उमेदवाराला विचारा: स्थायी समितीत सॉफ्टवेअरची मुदतवाढ आली, तर मूळ करारात सोर्स कोड पालिकेच्या ताब्यात देण्याचं कलम आहे का हे तुम्ही आधी वाचून दाखवाल का? नसेल तर विरोधी मत नोंदवाल का? तो निवडून आल्यावर इतिवृत्त मागवा, त्यात त्याचं नाव असेल किंवा नसेल. विधानसभेच्या उमेदवाराला विचारा: २०१५ चं धोरण राज्याच्या खात्यांना लागू करण्याबद्दल पहिल्या दोन अधिवेशनांत तारांकित प्रश्न टाकाल का? एमएस-सीआयटीत लिब्रेऑफिसचाही भाग असावा असं तुमचं मत आहे का, आणि ते तुम्ही मंत्र्यांना लेखी कळवाल का? सरकारी अर्ज फुकट मिळणाऱ्या कोणत्याही ब्राउझरवर भरता यावेत, हेही विचारा. मध्यंतरी एका सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना मला सूचना आली, की फक्त इंटरनेट एक्सप्लोरर वापरा. मायक्रोसॉफ्टने स्वतः त्या ब्राउझरला निवृत्त करून वर्ष उलटलं होतं.

दोन आक्षेप नेहमी येतात. एक सुरक्षेचा: कोड सगळ्यांना दिसला तर चोरालाही दिसेल. दिसेल. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या ओपन सोर्स घटकात मोठं भगदाड सापडलं आणि जगभरचे संगणक विभाग आठवडेच्या आठवडे झोपले नाहीत. उघडं आहे म्हणून सुरक्षित असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ते भगदाड बुजवायला कुण्या एका मालकाची परवानगी लागली नाही, एवढं खरं.

दुसरा आक्षेप राष्ट्रवादाचा: कोड खुला कशाला हवा, कंपनी देशी असली की झालं. तो सध्या जोरात आहे. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनारला. कारण काय, तर युरोपीय संघाने रशियाशी संबंध असलेल्या या कंपनीवर निर्बंध घातले. निर्बंध ब्रसेल्सचे, पण मेल बंद पडले ते मुंबईत. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाली. उद्या हे एखाद्या सरकारी खात्याचं झालं तर, अशी चिंता योग्यच आहे. त्यावर उपाय म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये एका केंद्रीय मंत्र्यांनी आपण कार्यालयीन कामासाठी झोहोकडे वळत असल्याचं जाहीर केलं. भारतीय कंपनी, चांगली उत्पादनं. त्यात वावगं काही नाही. माहिती देशात राहते, भांडायचं झालं तर आपलं न्यायालय आहे. पण ही अर्ध्या प्रश्नाची सोडवणूक झाली. मुदतवाढीचा खेळ ब्रसेल्समधून होत नाही. तो आपल्याच पालिकेत, आपल्याच राज्यातल्या कंपनीशी होतो. नकाशा परगावच्या ठेकेदाराच्या घरी असो की गावातल्या, आपल्याला तो मिळालेला नाही. स्वदेशीचं नाव घेणाऱ्या उमेदवाराला विचारा, की स्वदेशी कंपनीकडून तरी सोर्स कोड लिहून घ्याल ना?

कुणी म्हणेल, उमेदवाराला यातलं ओ का ठो कळणार नाही. नाही कळू दे. उमेदवारांनी गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावं अशी मागणी घेऊन १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधले काही प्राध्यापक न्यायालयात गेले, तेव्हा ते होईल असं किती जणांना वाटलं असेल? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला आणि आज प्रत्येक उमेदवार ते शपथपत्र भरतो. त्याला आवडतं म्हणून भरत नाही. विचारलं जातं म्हणून भरतो. शिवाय प्रश्न गेला की उमेदवार कुणाला तरी विचारतो. प्रचार कार्यालयात लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराला, संगणक अभियंता असलेल्या भाच्याला. त्या पोराच्या डोक्यात एकदा शिरलं तरी पुष्कळ झालं.

वेळेचं गणित तेवढं सांगतो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. प्रश्न अर्ज भरायच्या दिवसांत पाठवू नका, तेव्हा कुणी वाचत नाही. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत अर्ज माघारीचा शेवटचा दिवस आणि मतदान यांत कायद्याने निदान चौदा दिवस असावे लागतात. माघारीच्या संध्याकाळी अंतिम यादी लागते. त्याच रात्री पत्रं टाइप करा. प्रश्न तीनच ठेवा, सर्व उमेदवारांना सारखेच, अपक्षांनाही. प्रत हातात द्या आणि पोच घ्या. पाच दिवस थांबा, मग ज्यांची उत्तरं आली ती आणि ज्यांची नाहीत त्यांची नावं गावातल्या वाचनालयाच्या फलकावर लावा आणि स्थानिक वर्तमानपत्राला द्या. मतदानानंतर फलक उतरवाल, पण कागद टाकू नका. वाचनालयाच्या कपाटात सालवार फाइल करा आणि मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ठेवा, साध्या मजकुराची फाइल म्हणून. निवडून आलेल्याच्या कारकिर्दीत सॉफ्टवेअरची पहिली मुदतवाढ विषयपत्रिकेवर आली, की सभेच्या आदल्या दिवशी त्याच्याच उत्तराची एक प्रत त्याच्या घरी पोचवायला एक माणूस आत्ताच नेमून ठेवा.